काढता येणारा टोबार आता निघतच नाहीये, हातोडी सोडून काय करता येईल?

आळशी_ड्रायव्हर
मंडळी, मदत हवीये. गाडीला मागे काढता-घालता येणारा टोबार (ट्रेलर ओढायचा हूक) आहे, तो बगळ्याच्या मानेसारखा वाकडा, टोकाला ट्रेलर अडकवायचा बॉल असलेला दांडा असतो ना, खालून वर सॉकेटमधे घालायचा आणि बाजूचा गोल नॉब खटकन फिरून लॉक होतो, तो प्रकार. नियम असा की वापरून झाला की काढून ठेवायचा, पण मी पडलो आळशी, दीड वर्ष तसाच लावलेला. आता रिव्हर्स टाकला की सेन्सर त्या दांड्यालाच भिंत समजून कोकलत बसतो म्हणून काढायला गेलो तर किल्ली फिरते, नॉब थोडासा बाहेर येतो, पण गोल फिरवायला गेलं की हूं का चूं नाही. डब्ल्यूडी-४० अर्धा डबा मारलं, मग राग आला आणि वरून दोन-चार हातोड्या पण घातल्या (ओरडू नका), बॉलवर एक चरा उमटला बाकी काही नाही. अजून एक म्हणजे ट्रेलर लावला की ब्रेक मारताना आणि गाडी उचलताना मागून टक्क असा आवाज येतो, त्याचा ह्याच्याशी संबंध आहे का?

ग्रीसचे_हात
हातोडी आधी घरात ठेवून या. आत काय चाललंय ते समजलं की ती का चालत नाही ते कळेल. दांड्याच्या वरच्या टोकाला बहुतेक डिझाईनमधे तीन पोलादी गोळ्या असतात, मधे एक निमुळती पिन. लॉक होताना स्प्रिंग त्या पिनला ढकलते, पिन गोळ्यांना बाहेर ढकलते आणि गोळ्या सॉकेटच्या आतल्या खाचेत जाऊन बसतात. नॉब ओढून फिरवला की पिन मागे सरकते, गोळ्यांना आत यायला जागा होते आणि दांडा खाली येतो. तुमच्या केसमधे गंज आणि चिखल बसून पिन किंवा गोळ्या धरल्यात, आणि वरून ठोकलं की गोळ्या खाचेत अजून घट्ट रुततात, म्हणजे तुम्ही दार उघडायला दाराला आतून टेकून बसलात.

डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट. जाम गंजाला खास पेनिट्रेटिंग ऑइल (गंजाच्या फटीत झिरपणारं तेल) आणा, नळी लावून खालून दांडा आणि सॉकेटच्या फटीत आणि नॉबच्या मुळाशी मारा, आणि रात्रभर सोडा. सकाळी परत, संध्याकाळी परत. घाई केली की फुकट. मग दोन माणसं लागतील, एकाने बॉल धरून दांडा वर दाबत थोडा थोडा हलवत राहायचा आणि दुसऱ्याने त्याच वेळी नॉब ओढून फिरवायचा. वजन गोळ्यांवरून उतरलं की बऱ्याचदा तिथेच सुटतो. वर दाबायला हात पुरत नसतील तर खाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक अगदी हलका टेकवा, गाडी उचलायची नाहीये हं.

आणि डोकं त्याच्या खाली घालू नका. सुटला की एकदम पडतो आणि वजनाला चांगला दणदणीत असतो. खाली जुनी सतरंजी टाका, पाय लांब ठेवा. गॅसची ज्योत तर बिलकुल नको, तिथे बंपर आहे, वायरिंग आहे, इंधनाची टाकी पण लांब नसते, आणि तापवलेल्या पोलादावर मी तरी ट्रेलर टांगणार नाही.

चौकोनी_नळी
माझा पण असाच अडकलेला, मी आडवी पिन काढली, दांड्याला पट्टा बांधला, पट्टा झाडाला आणि गाडी हळू पुढे घेतली, दोन झटक्यात बाहेर!

ग्रीसचे_हात
दादा तुमचा तो दोन इंची चौकोनी नळीवाला, त्यात आडवी पिन निघाली की धरून ठेवणारा फक्त गंज उरतो. ह्यांच्यात लॉक आतमधे आहे, ओढाल तर लॉकच तुटेल. आणि तुमच्यातही गाडीने ओढणं म्हणजे तो लोखंडी दांडा गोफणीसारखा कुणाच्या तरी अंगावर सोडणं आहे, तुम्ही वाचलात म्हणून हसताय.

चौकोनी_नळी
बरं बरं 😅

व्हर्नियर_वाली
टक्क आवाजाबद्दल बोलते, कारण अडकणं हा त्रास आहे पण आवाज हा धोका असू शकतो. ढिलाई दोन जागी असते. ट्रेलर सोडा, बॉल हातात घट्ट धरा आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे जोरात हलवा. मान, म्हणजे तो वाकडा दांडा, सॉकेटमधे हलली तर प्रॉब्लेम वरच्या टोकाला आहे, गोळ्या किंवा त्यांची खाच झिजलीये. अजिबात हलली नाही तर बॉल आणि ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारा पकडीचा भाग) बघा. बॉल व्हर्नियरने मोजा, पण पुढून-मागे असा मोजा, कारण ब्रेक आणि ओढ दोन्हीचा मार तिथेच बसतो, आडवा मोजलात तर नव्यासारखा दिसेल. नवा ५० मिमीचा असतो, कुठेही ४९ पर्यंत आला की भंगारात. कपलरवर झीज दाखवणारी खूण असते बऱ्याच जणांच्या, ती पण बघा.

मानच हलत असेल तर पत्र्याचे तुकडे घालणं, वेल्डिंगचा टाका मारणं असले उद्योग नकोत, लोक करतात म्हणून सांगतेय. मान बदलायची, आणि ती त्याच सॉकेटच्या मॉडेलची हवी, दिसायला सारखी आहे म्हणून दुसरी बसवायची नाही. प्लेटवरचा टाईप नंबर बघून मागवा. सॉकेटची खाच झिजली असेल तर मात्र पूर्ण सेट.

अजून एक, ट्रेलरची ती ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक ओढणारी) आहे ना, ती मानेला अडकवत असाल तर आजच बदला. मान लॉक न होता निघाली तर केबल पण तिच्याबरोबर जाणार, मग उपयोग काय. गाडीवरच्या पक्क्या कडीला लावा.

आळशी_ड्रायव्हर
अपडेट. तिसऱ्या दिवशी निघाला! मेहुण्याला बॉल धरून वर दाबायला लावलं, मी नॉब ओढून फिरवत होतो, पहिल्या पाच-सहा वेळा काही नाही आणि मग कर्र्र करत फिरला, दांडा सतरंजीवर धप्प. बरं झालं पाय मागे होता. आतून लाल पावडर निघाली चहाच्या चुऱ्यासारखी, तीनपैकी एक गोळी आतच चिकटून बसलेली आणि एकीला चपटा डाग पडलाय. म्हणजे एवढे दिवस ट्रेलर जवळपास एका गोळीच्या भरवशावर होता की काय, विचार करून पोटात गोळा आला. बॉल ४९.६ भरला, तो ठीक. सॉकेटची खाच टॉर्च लावून बघितली, मला तरी गुळगुळीत दिसतेय पण हातोड्या मारल्यात त्यामुळे वर्कशॉपमधे दाखवणारच आहे. तोपर्यंत ट्रेलर बंद. साफ करून आत ग्रीस भरू का?

ग्रीसचे_हात
थापू नका. जाड ग्रीसला धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत त्याची पॉलिश पेस्ट होते. मॅन्युअलमधे जे लिहिलंय तेच, बहुतेक वेळा हलकं तेल पुरतं. नवीन मान बसवली की नॉब मानेला चिकटून बसलाय का, मधे फट नाही ना, हिरवी खूण समोर आलीये का आणि किल्ली बाहेर निघतेय का हे दर वेळी बघायचं. आणि मान काढलेली असताना सॉकेटला खालून प्लास्टिकची टोपी लावायची असते, ती कुठेय?

व्हर्नियर_वाली
कपलरला घर्षणाचे पॅड असतील तर बॉलवरही ग्रीस नको, कोरडा पुसून ठेवायचा. तो हातोडीचा चरा उठून आला असेल तर पॅड खाईल, तेही बघून घ्या.

आळशी_ड्रायव्हर
टोपी सापडली. डिकीत स्टेपनीच्या खाली, सीलबंद पिशवीत, कधीच न उघडलेली.