भेट मिळालेला कोणता खेळ तुमच्या घरी खरंच खेळला जातो?

धागाकर्ती:
ताईच्या घरी खेळ भेट द्यायचाय. ती, भावोजी, नऊ वर्षांची भाची आणि ताईच्या सासूबाई, असे चौघं. आजींना पत्ते मनापासून आवडतात, पण बारीक अक्षर वाचवत नाही. मागच्या वेळी मी दिलेला मोठ्ठा खोका अजून माळ्यावर आहे. नियमांचं जाडजूड पुस्तक बघून कोणी हातच लावला नाही, त्याचं फार वाईट वाटलं. म्हणून नुसती नावं नकोत. तुम्हाला भेट मिळालेला आणि कोपरे झिजेपर्यंत खेळलेला खेळ सांगा.

प्रतिसाद १:
कार्कासॉन. दहावीच्या सुट्टीत मामाने दिला. ७२ चौकोनी फरशा, आपली पाळी आली की एक उचलायची आणि आधीच्यांना जुळवून लावायची, रस्त्याला रस्ता, तटाला तट. मामाने नियम वाचून दाखवले नाहीत. फरशा मांडून पहिला डाव आमच्याबरोबर खेळला आणि त्यात शेतकरी घेतलेच नाहीत. शेतात आडव्या ठेवलेल्या सोंगट्यांचे गुण अगदी शेवटी मोजतात, नवख्यांचा गोंधळ तिथेच होतो. वाचायला काही नाही, आजींना जमेल.

प्रतिसाद २:
कटान मात्र नऊ वर्षांच्या मुलीला इतक्यात नको. आम्हाला लग्नात मिळाला आणि कितीतरी दिवस तसाच पडून होता, कारण मूळ खेळ ३ ते ४ जणांचा आणि आम्ही दोघंच. पुढे लेकीला घेऊन बसलो. दोन फाशांची बेरीज ७ येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, ३६ पैकी ६. आणि ७ पडला की ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते असतील त्याला निम्मे टाकावे लागतात. तिने जपून साठवलेले पत्ते गेले तेव्हा ती हमसून रडली. आता तेरा वर्षांची आहे, आता तोच तिचा सगळ्यात लाडका खेळ.

प्रतिसाद ३:
आजींना पत्ते आवडतात ना? मग द क्रू घ्या, दुसरं काही बघूच नका. मला बहिणीने दिला. ४० पानं आहेत, चार रंगांत १ ते ९ आणि वर चार रॉकेट. रॉकेट म्हणजे कायमचा हुकूम. ज्या रंगाची उतारी त्याच रंगाचं पान टाकायचं, नसेल तर हवं ते, मोठं पान हात उचलणार. इथवर आजींना शिकवावंही लागणार नाही.

वेगळं काय, तर सगळे एकमेकांचे भिडू. गुलाबी ६ असलेला हात अमक्यानेच उचलायचा, अशी कामं वाटलेली असतात आणि हातातल्या पानांबद्दल बोलायला बंदी. एका मोहिमेत, म्हणजे एका डावात, प्रत्येकाला एकदाच एक पान उघडं ठेवून खूण करता येते: या रंगातलं माझं सगळ्यात मोठं, सगळ्यात लहान, किंवा एकुलतं एक. एकदा बाबांनी निळा ३ उघडा ठेवला, खूण मधोमध, म्हणजे एकुलतं एक. मी लगेच निळ्याची उतारी केली, त्यांचं निळं संपलं आणि पुढच्या निळ्या हातावर त्यांनी रॉकेट मारलं. एक शब्द न बोलता! बाबा एवढे खूश झालेले मी क्वचितच पाहिलेत.

खोक्यावर वय १० लिहिलंय, पण पहिल्या मोहिमेत एकच काम असतं, भाचीला कळेल. अशा ५० मोहिमा आहेत, हळूहळू अवघड होत जातात.

धागाकर्ती:
भाचीला हरणं फार लागतं, हे लिहायचं राहिलं. मोहीम फसली तर काय?

प्रतिसाद ३:
पानं पिसा, पुन्हा वाटा, तीच मोहीम पुन्हा. फसली तरी सगळ्यांची मिळून फसते, ती एकटी पडत नाही.

प्रतिसाद ४:
डिक्सिटही लक्षात ठेवा. मोठाली ८४ चित्रं, आपल्या चित्रावरून एखादं वाक्य बोलायचं. बाकीच्यांनी ते चित्र ओळखायचं. सगळ्यांनी ओळखलं तरी बोलणाऱ्याला शून्य, कोणीच नाही ओळखलं तरी शून्य. आमच्याकडे लहान मुलंच जास्त जिंकतात.

धागाकर्ती:
द क्रू ठरलं. मामांचंही ऐकणार, पहिल्या दोन मोहिमा मी स्वतः बसून खेळणार. चौघांत मी पाचवी, चालेल ना?

प्रतिसाद ३:
पाचांपर्यंत चालतं. पहिली उतारी आजींना मिळू दे म्हणावं तर तेही हातात नाही, ज्याच्याकडे ४ चं रॉकेट तोच त्या मोहिमेचा कप्तान.