अनुभव सांगा : कोलेस्टेरॉलचा आकडा आणि आपल्या रक्तवाहिन्या

रिपोर्टवरचा आकडा खाली आला की गोळी बंद करायची, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. मलाही. त्यापायी जे भोगलं ते सांगावं आणि तुमचंही ऐकावं, म्हणून हा धागा काढतेय.

आम्ही लालबागचे. 2019 साली यांच्या ऑफिसच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 168 निघालं. वय 51, बीपीची गोळी आधीपासून चालू. डॉक्टरांनी अॅटोरव्हास्टॅटिन 20 लिहून दिली, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी. आठ महिन्यांनी एलडीएल 92. घरात आनंदीआनंद. शेजारचे काका म्हणाले, "नॉर्मल आलंय ना, मग लिव्हरला कशाला त्रास?" यांनी गोळी सोडली. डॉक्टरांना विचारलं नाही, आणि मीही "विचारा तरी" म्हटलं नाही.

2022च्या गणपतीत, तिसऱ्या दिवशी पहाटे, यांचा जबडा दुखायला लागला. छातीत काहीच नाही. डावा खांदा जड आणि कपाळावर घाम. पित्त असेल म्हणून मी थंड दूध दिलं. त्यात चाळीस मिनिटं गेली. आमच्याकडे त्या दिवसांत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी दर्शनाची रांग बाजूला सारून टॅक्सीला वाट करून दिली. त्या पोरांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसला.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर निळ्या पेनाने दोन रेषा ओढल्या. मी विचारलं, नळात गाळ साचतो तसंच ना? ते म्हणाले, गाळ नळाच्या पोकळीत बसतो, हे भिंतीच्या आत शिरतं. रक्तातलं जादा एलडीएल धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराखाली जाऊन अडकतं. तिथे ते खराब होतं, मग पांढऱ्या पेशी येऊन ते गिळतात आणि चरबीने फुगून तिथेच राहतात. वरून एक साय धरते. पुष्कळदा अडथळा अर्धाही नसतो, त्यामुळे जिना चढताना दम लागत नाही की छातीत दुखत नाही. एक दिवस ती साय फाटते. शरीराला वाटतं जखम झाली, आणि जखमेवर धरते तशी गुठळी तिथे धरते. सगळं रक्त अडतं.

"गोळी होती तोवर आकडा खाली होता," ते म्हणाले. "गोळी गेली, आकडा वर गेला. तीन वर्षं ते रोज थोडं थोडं भिंतीत जिरत राहिलं." गोळीने ती साय जाड आणि टिकाऊ होते, हेही तेव्हाच कळलं. आता यांना रोझुव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब या कोलेस्टेरॉलच्या दोन गोळ्या चालू आहेत, एलडीएल 55च्या खाली ठेवायला सांगितलंय.

तुमचं, तुमच्या घरच्यांचं काय झालं ते लिहा. गोळीचं प्रमाण मात्र कोणी कोणाला सुचवू नये, ही विनंती.

दादर, वय 67

ताई, तुमचा जबडा वाचून काळजात चर्र झालं. माझं दुखणं पायात होतं.

शिवाजी पार्कच्या कट्ट्याला रोज सकाळी तीन फेऱ्या, हा माझा वीस वर्षांचा नेम. दोन वर्षांपूर्वी अर्ध्या फेरीतच उजवी पोटरी भरून यायला लागली. दोन मिनिटं कट्ट्यावर बसलं की साफ मोकळी. पुन्हा चाललं की बरोबर त्याच अंतरावर, त्याच झाडापाशी पकडायची. सगळे म्हणाले कंबरेची नस. सहा महिने कंबरेचे व्यायाम केले, शेक घेतला, पट्टा बांधला.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही दंडांचं आणि दोन्ही घोट्यांचं बीपी मोजलं. घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीने भागायचं. उत्तर 0.9च्या खाली असेल तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं समजतात. माझं उजवीकडे 0.62 आलं. एलडीएल होतं 151, आणि तीस वर्षं सिगारेट ओढलेली. सुटून नऊ वर्षं झाली होती, पण धमनीच्या भिंतीने हिशेब ठेवला होता.

बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. स्टॅटिन आणि रक्त पातळ राहायची गोळी कायम घ्यायची. पायाच्या धमनीत असेल तर हृदयाच्या आणि मानेच्याही धमनीत असू शकतं, म्हणून त्याही तपासायच्या. आणि दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, ओसरलं की पुन्हा चालायचं. शेवटची गोष्ट मला उलटीच वाटली होती. पण आज न थांबता दोन फेऱ्या होतात. ते झाड मागे पडलं की रोज बरं वाटतं.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून एक सांगावंसं वाटतं. पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंदो यांनी 1970च्या दशकात शोधलं. हजारो बुरशा तपासल्यावर तांदळावरच्या एका बुरशीत ते सापडलं. पेनिसिलीन ज्या कुळातल्या बुरशीतून आलं त्याच कुळातली ही. "केमिकल नको, नैसर्गिक हवं" म्हणून गोळी टाळणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

बोरिवली, वय 36

मी बारीक आहे. वजन 49. डबा घरचा. रोज बोरिवली–चर्चगेट, त्यातही बहुतेकदा उभ्याने. माझं एलडीएल 246.

बाबांच्या पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळसर चट्टे होते. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचे, मऊ लागायचे. आम्हाला तो बाबांच्या चेहऱ्याचाच भाग वाटायचा. 44व्या वर्षी ते झोपेत गेले. गेल्या वर्षी दादाला अॅटॅक आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या टाचेमागची जाड झालेली शीर (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी) चिमटीत धरून बघितली आणि म्हणाले, घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या.

आनुवंशिक प्रकार आहे हा. रक्तातलं एलडीएल आत ओढून घेणारे जे दरवाजे लिव्हरच्या पेशींवर असतात, ते आमच्यात जन्मापासून कमी. ब्राऊन आणि गोल्डस्टीन या दोन शास्त्रज्ञांना हे दरवाजे शोधल्याबद्दल 1985चं नोबेल मिळालं. आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाकडून हा दोष आला की प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. म्हणजे इतरांच्या धमन्यांवर चाळिशीनंतर जो भार पडतो तो आमच्यावर पाळण्यात असल्यापासून. तूप सोडून, ओट्स खाऊन हा आकडा थोडा हलतो, पुरेसा नाही. मी सहा महिने करून पाहिलं. 246चं 229 झालं. गोळ्यांनी 98वर आलंय, अजून खाली न्यायचंय.

लेक नऊ वर्षांची. तिची सुई टोचताना मी दुसरीकडे बघत होते. तिचं 187 आलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. आता मुलांच्या डॉक्टरांकडे नेमाने दाखवतो. बाबांना जे कोणी सांगितलं नाही, ते हिला नवव्या वर्षी कळलं, एवढा आधार धरलाय. दुसऱ्या बाळाचा विचार करणाऱ्या बायकांनी स्टॅटिन चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. मी बोलले आहे.

मुलुंड, वय 58

गोळी सुरू झाल्यावर दोन महिन्यांत मांड्या इतक्या दुखायच्या की स्टेशनचा पूल चढताना कठड्याला धरून थांबावं लागे. मीही गोळी फेकूनच देणार होते. सुनेने हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड बघितलं. थायरॉइडचा टीएसएच आकडा 18, म्हणजे फार वाढलेला! थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्टॅटिनने स्नायू दुखायचा संभवही वाढतो, हे तेव्हा कळलं. आधी थायरॉइडची गोळी, मग कमी ताकदीचं स्टॅटिन. आता पूल चढते.

चेंबूर, लॅबमध्ये काम करतो

वीस वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळतोय. नळी मशीनमध्ये फिरवली की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर, पारदर्शक सीरम येतं. कधी कधी हे सीरम दुधासारखं पांढरं येतं, नळीच्या पलीकडचं बोट दिसत नाही. ती ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, खूप वाढल्याची खूण. पण एलडीएल 190 असो वा 90, सीरम तसंच स्वच्छ दिसतं. ज्याची सगळ्यात जास्त भीती बाळगायला हवी ते डोळ्यांना दिसत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

रिपोर्ट वाचताना एक बघा. पुष्कळ ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. एकूण 262, एचडीएल 38, ट्रायग्लिसराइड 210 असेल तर 262 वजा 38 वजा 42, म्हणजे 182. ट्रायग्लिसराइड 400च्या वर असेल तर हा हिशेब चालत नाही, तेव्हा थेट मोजायला सांगा. आपल्याकडे एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, अशी जोडी फार दिसते.

आणि "नॉर्मल" शब्दावर विसंबू नका. कागदावर छापलेली मर्यादा सगळ्यांना एकच असते. ज्याला अॅटॅक येऊन गेलाय त्याच्यासाठी 92 नॉर्मल नाही. लोक काउंटरवर उभ्या उभ्या रिपोर्ट उघडतात, ठळक अक्षरात काही नाही बघून हसतात आणि निघतात. त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं, पण ते माझं काम नाही. म्हणून इथे लिहिलं.

भांडुप, पोळीभाजी केंद्र

तेलाच्या डब्यावर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं असतं म्हणून गिऱ्हाइकं जास्त मागतात. शेंगदाण्याचं असो की करडईचं, वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच. डालडा मी पाच वर्षांपूर्वी बंद केला. तळणीचं तेलही दुसऱ्या दिवशी वापरत नाही. खर्च वाढला, पण माझ्या नवऱ्याचाही बायपास झालाय, त्यामुळे हात धजत नाही.

विक्रोळी, वय 29

माझ्या बाबांचं वय 56, साखर आहे. कालच रिपोर्ट आला, एलडीएल 71. काल रात्रीपासून त्यांनी गोळी घेतलेली नाही. म्हणतात, बरा झालो. मी सांगितलं तर चिडतात. काय करू?

लालबाग

अरे, आज रात्रीची गोळी चुकवू देऊ नकोस. डॉक्टरांचं ते निळ्या पेनाचं पान मी औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, शेजारी यांचे तीन रिपोर्ट: 168, 92 आणि अॅटॅकच्या दिवशीचा 174. त्याचा फोटो खाली टाकते. बाबांना दाखव, आणि यांचा फोन नंबर तुला निरोपात पाठवते. चिडले तर चिडू देत. हे स्वतः बोलतील त्यांच्याशी, संध्याकाळी सातनंतर घरीच असतात.