काळ्या पाइनच्या बोन्सायला कुंडी कुठली घ्यावी?

गच्चीवरची बाग (पुणे):
नमस्कार मंडळी. माझ्याकडे जपानी काळा पाइन आहे, आठ वर्षांपूर्वी लहान रोप म्हणून आणलेला. आता उंची ४८ सेंटिमीटर, बुंधा मातीलगत साडेपाच सेंटिमीटर. खालची साल तडकायला लागली आहे आणि ती बघायला मी रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसते. अजून काळ्या प्लास्टिकच्या खोल कुंडीतच आहे. प्रदर्शनात एक निळी, ग्लेझ केलेली, लंबगोल कुंडी घेतली: लांबी २६, खोली ४ सेंटिमीटर. घरात सगळ्यांना आवडली. पण झाडाशेजारी ठेवली की काहीतरी खटकतं, आणि काय ते सांगता येत नाही. गच्चीवर दुपारी तीनपर्यंत ऊन असतं. फेब्रुवारीत कुंडी बदलीन म्हणते. हीच वापरू का?

घाटमाथा (पाचगणी):
ताई, ही नका वापरू. निळा रंग तुमच्या सालीशी भांडतोय, म्हणून खटकतंय. चकचकीत ग्लेझ फुलाफळांच्या आणि पानगळीच्या झाडांना शोभतं. पाइनला बिनग्लेझची, तपकिरी किंवा करड्या मातीची कुंडी घ्यावी, म्हणजे नजर आधी बुंध्यावर जाते. साल खडबडीत, खोड दणकट असेल तर चौकोनी कुंडी, काठ जरा बाहेर आलेला. खोड नाजूक, वळणदार असेल तर लंबगोल चालते.

पण माझी खरी काळजी त्या ४ सेंटिमीटरची आहे. रूढ हिशोब असा की लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, म्हणजे तुमच्याकडे ३२ सेंटिमीटर, आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी. लांबीचा हिशोब घ्या. खोलीचा आपल्या पावसात जसाच्या तसा घेऊ नका. मी घेतला होता. माझा पाइन साडेचार सेंटिमीटरच्या उथळ कुंडीत होता. जुलैत सलग अकरा दिवस उघडीप नव्हती. सुया पिवळ्या पडायच्या आधी त्यांची चमक गेली, आणि ते मला वेळेवर दिसलं नाही. उपटून पाहिलं तर मुळांची साल भिजलेल्या कागदासारखी बोटाला चिकटून येत होती. चौदा वर्षं सांभाळलेलं झाड होतं. अजूनही ती जागा मोकळीच ठेवली आहे.

उथळ कुंडीत पाणी कमी राहतं असा समज असतो, तो चुकीचा आहे. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा, पुन्हा धार लागते. कुंडीचंही तसंच. तळाशी ओल्या मातीचा जो थर राहतो त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. कुंडी ४ सेंटिमीटरची असली तर बहुतेक मुळं त्या थरातच बसतात. म्हणून तुम्ही आठ सेंटिमीटर खोल घ्या. एप्रिलच्या उन्हातही तीच कामाला येईल. आत विटेचा चुरा, ३ ते ५ मिलिमीटरचा, चाळून धूळ पूर्ण काढलेला.

एक विचारायचं राहिलं. बुंधा अजून जाड करायचा आहे का? लहान कुंडीत गेल्यावर जाडी वाढणं जवळजवळ थांबतं. हवा असेल तर कुंभाराकडची पसरट मातीची कुंडी घ्या आणि अजून चार वर्षं थांबा.

ओलीमाती (नागोया):
दादांशी सहमत. आमच्या इथून तोकोनामे जवळ आहे, बोन्सायच्या कुंड्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथल्या एका चढणीला दोन्ही बाजूंनी जुन्या मातीच्या पाइपांच्या आणि बरण्यांच्या भिंती आहेत. तिथल्या एका आजोबांनी मला कुंडी पारखायला शिकवलं. तळहातावर मोकळी धरायची आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर भाजणी पक्की. बद्द आला तर कच्ची किंवा कुठेतरी बारीक तडा. मग उलटी करून तळ बघायचा: भोकं मोठी हवीत, पाय उंच हवेत, आणि आतून तळाला खळगा नको, नाहीतर पाणी तिथेच साचतं. काठ आत वळलेली कुंडी पाइनला अजिबात नको. पुढच्या वेळी मुळांचा गोळा बाहेर काढताना कडेची मुळं कापावी लागतात.

आणि ताई, मुळांवर पांढरे कापसासारखे धागे दिसले, अळिंबीसारखा वास आला तर घाबरू नका. ती बुरशी पाइनची सोबतीण आहे. रोग समजून धुऊन टाकू नका. सगळी जुनी माती एकदम काढू नका, यंदा अर्ध्या बाजूची काढा, उरलेली दोन-तीन वर्षांनी.

गच्चीवरची बाग (पुणे):
दोघांचे मनापासून आभार. दादा, तुमच्या झाडाचं वाचून फार वाईट वाटलं. स्पंज करून पाहिला, मुलीलाही दाखवला. बुंधा मला आहे तेवढाच हवा आहे. काल तपकिरी चौकोनी कुंडी आणली, ३२ बाय २४, खोली ८. टिचकीला छान वाजते. निळीत कडुलिंबाचं रोप लावीन. फक्त हिला दोन मोठी भोकं आहेत, तारेसाठी बारीक भोकं नाहीत. झाड बांधू कसं?

घाटमाथा (पाचगणी):
एका भोकातून तार आत घ्या, दुसऱ्यातून बाहेर काढू नका. भोकाखाली जाड तारेचा आडवा तुकडा ठेवा, बांधायची तार त्याला अडकवून दोन्ही टोकं वर आणा. दुसऱ्या भोकालाही तसंच. भोकांवरची जाळी आधी बसवा, ती तारेने हलता कामा नये. मुळांवर तार येते तिथे रबरी नळीचा तुकडा घाला. बुंधा धरून हलवला की कुंडीसकट हलला पाहिजे. कोंब फुगायला लागले की लगेच करा, आणि फोटो टाका.