साहेब, हे माझं मी बघते : वरिष्ठांच्या शेरेबाजीचे अनुभव

बडोद्यातल्या एका कंपनीच्या हिशेब विभागात मी काम करते. कामाबद्दल साहेबांची काही तक्रार नाही. जीएसटीचं रिटर्न वेळेवर जातं, ऑडिटवाले फारशा शंका काढत नाहीत. बोलणं होतं ते मी लग्न न केल्याबद्दल. चहाच्या वेळी, लिफ्टमध्ये, कधी मीटिंग संपवून सगळे उठत असताना. "बेन, तमारा भला माटे कहुं छुं," म्हणजे तुमच्या भल्यासाठीच सांगतोय, अशी सुरुवात होते आणि पुढचं मला पाठ झालंय. वय, आईवडिलांचं म्हातारपण, एकटीनं गोत्रीला फ्लॅट घेण्याचं वेड. आवाज चढलेला नसतो, शब्दही वाईट नसतात, म्हणूनच उत्तर देणं जड जातं. वडीलधाऱ्या माणसाला, त्यातही ज्याच्या सहीनं पगारवाढ होते त्याला, "तुम्ही यात पडू नका" असं म्हणायला आपली जीभ वळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. त्यांच्या मनात माया असली तरी हा अधिकार त्यांना नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा काय केलंत ते इथे लिहा. नेमकं काय बोललात आणि पुढे काय झालं, ते हवंय. कंपनीचं किंवा माणसाचं नाव मात्र नको.

मकरपुरा जीआयडीसी, मेंटेनन्स

आमचं घर सीकेपी. डब्यात अंडं असतं, आणि सोड्यांची खिचडी असली तर झाकण उघडायच्या आधीच सगळ्या कँटीनला कळतं. नवीन मॅनेजर आले आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "मराठी लोक तर पुरणपोळीवाले ना? तुम्ही हे काय खाता?" मग रोजच सुरू झालं. आज काय मारून आणलंय, हात धुतले का, कुलरला हात लावू नका.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो, एकटाच. म्हटलं, "साहेब, कंपनीचा नियम असेल तर नोटीस लावा, मी पाळीन. नियम नसेल तर माझ्या डब्यावर बोलू नका." ते म्हणाले, नियम नाही, पण वासाचा लोकांना त्रास होतो. वासाचं त्यांचं म्हणणं मला पटलं. बंद एसी हॉलमध्ये सोडे म्हणजे शेजारच्यावर अन्यायच. तेव्हापासून सोडे रविवारी घरी. अंडं डब्यात येतं आणि मी खिडकीजवळच्या टेबलावर बसतो. "पुरणपोळीवाले" वगैरे त्यानंतरही कधीमधी आलं. दरवेळी मी तेच वाक्य, त्याच आवाजात, परत म्हटलं. शब्द बदलले नाहीत की वाद वाढत नाही, हा माझा अनुभव. आता आमचं बोलणं मशीनपुरतं आहे, आणि मला तेवढंच हवं होतं.

रावपुरा, कार्यालयीन काम

घटस्फोटानंतर मी माहेरचं आडनाव परत लावलं. पगारपत्रक, पीएफ, बँक, सगळीकडे नाव बदलायचं म्हणजे कागद साहेबांच्या टेबलावरून जाणारच. सही करता करता पेन थांबवून ते म्हणाले, "थोडं सहन करायचं होतंत." मी गप्प राहिले, कागद हवा होता.

काही दिवसांनी एक नवी मुलगी लागली. तिला माझ्याशेजारी बसवताना म्हणाले, "हिच्याकडून काम शिक, बाकी काही शिकू नकोस." ती मुलगी माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे. कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिले.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्यांना सांगितलं, "हे वाक्य परत म्हणालात तर मी लेखी देईन. कोणाला द्यायचं ते मला माहीत आहे." ते "मस्करी होती" म्हणाले. मी म्हटलं, मला मस्करी वाटली नाही.

बडोदा संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ साली झाला. देशभरचा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. माझी पणजी त्या काळात इथेच, दांडिया बाजारात राहायची. सयाजीरावांच्या राज्यात तिला जो हक्क होता, तो वापरल्याबद्दल मी मान का खाली घालू? साहेबांशी मी हा वाद घातला नाही, पण स्वतःला हे सांगितल्यावर पाठ ताठ झाली. बोलणं थांबलं. पीएफची फाईल मात्र मुद्दाम रखडली, तिच्यासाठी दर सोमवारी मेल टाकावा लागला.

अलकापुरी

माझ्या जीन्सवर आणि केसांवर बोलणं व्हायचं. मी नोकरी सोडली, दुसरी मिळाल्यावर. सोडणं म्हणजे हार असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

एचआरमध्ये काम करणारी

आधी कायद्याचं सांगते, कारण लोक अर्धवट ऐकून येतात. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच. तक्रार लेखी द्यायची, साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. जागा छोटी असेल किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. शरीरावरून, लैंगिक अर्थानं केलेले शेरे यात येतात. जीन्सवाल्या ताईंचे साहेब नेमकं काय म्हणाले, यावर बरंच अवलंबून आहे. नुसतं "लग्न कधी" सहसा यात बसत नाही, आणि डबा तर नाहीच. तिथे कंपनीची आचारसंहिता बघा.

नोंद ठेवा. तारीख, ऐकायला कोण होतं, आणि शब्द जसेच्या तसे. गुजरातीत बोलले तर गुजरातीत लिहा. "साहेब अपमान करतात" एवढ्यावर आम्हाला काही करता येत नाही, "हिच्याकडून बाकी काही शिकू नकोस" यावर करता येतं. ही नोंद ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, तो उद्या काढून घेतला जाऊ शकतो. आणि वर्षाची उद्दिष्टं मेलवर मागून घ्या. साहेबांचा राग अप्रेझलमध्ये उतरतो, तेव्हा तो मेल कामाला येतो.

कारेलीबाग, डिझाइन

माझे साहेब मराठीच. बायको हॉस्पिटलमध्ये नर्स, तिची दुपारपाळी असते. मुलगी पाळणाघरात. सहाला निघालो की साहेब मोठ्यानं म्हणायचे, "निघालं बघा ताटाखालचं मांजर." सगळे हसायचे. मलाही हसावं लागायचं, त्याचा त्रास जास्त व्हायचा.

एकदा हसलो नाही. बॅग खाली ठेवली आणि विचारलं, "माझं कुठलं ड्रॉइंग उशिरा गेलंय का?" सगळे शांत झाले. साहेब म्हणाले, तसं नाही रे. मी म्हटलं, "मग मुलीला आणायला जातो." दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं. मला वाटलं, झालं आता. त्यांनी विचारलं, सकाळी किती वाजता येऊ शकशील? आता मी साडेआठला येतो आणि साडेपाचला निघतो. मांजर त्यांच्या तोंडून अजून कधीतरी निघतं, पण हसायला कोणी उरलेलं नाही.