इंग्रजी उताऱ्यासमोर बसल्यावर तुम्ही नेमकं काय करता? (अनुभव धागा)

मंडळी, भाची पुढच्या महिन्यात आयईएलटीएस (परदेशी शिक्षणासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा) देतेय, अ‍ॅकॅडमिक. ऐकणं-बोलणं बरं आहे, लेखनाचं बघू, पण वाचनात गाडी अडते. मुलगी इंग्रजी माध्यमातली, तेव्हा शब्द कळत नाहीत अशातला भाग नाही. तीन उतारे, 40 प्रश्न, 60 मिनिटं, आणि तिसरा उतारा दर वेळी अर्धवट राहतो. क्लासमध्ये 'स्किमिंग करा, स्कॅनिंग करा' (भरभर नजर फिरवा, हवं तेवढंच शोधा) हे ऐकून तिचे कान किटलेत. परीक्षा कुठलीही असो, कॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा), बँक, दहावी, चालेल. उतारा समोर आल्यावर पहिल्या मिनिटाला काय करता, अडलं की काय सोडता, ते लिहा. 'रोज इंग्रजी पेपर वाचा' हा सल्ला सोडून, कारण तो सगळ्यांनी देऊन झालाय.

लीड्सहून

तिसरा उतारा राहतो याचा अर्थ पहिल्यावर जास्त वेळ जातोय. तीन उतारे चढत्या क्रमाने अवघड असतात, म्हणून 20-20-20 अशी वाटणी बरोबर नाही. मी 15-20-25 धरायचो. ऐकण्याच्या कागदी पेपरात उत्तरं उतरवायला शेवटी 10 मिनिटं मिळतात, वाचनात ती मिळत नाहीत, हेही तिच्या कानावर घाला.

दुसरं, प्रश्नांच्या जाती ओळखायच्या. ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हन (विधान उताऱ्यानुसार बरोबर, चूक की उताऱ्यात त्याबद्दल काहीच नाही), वाक्य पूर्ण करा, हे प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येतात. पाचव्याचं उत्तर सापडलं की सहाव्याचं त्याच्या पुढेच असणार, मागे जायचं नाही. पण 'ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे' या जातीला क्रम नसतो, ती सगळ्यात जास्त वेळ खाते. तो गट मी शेवटी घ्यायचो. तोवर बाकीच्या प्रश्नांच्या निमित्ताने उतारा दोनदा डोळ्यांखालून गेलेला असतो आणि 'अरे, हे तर परिच्छेद डी मध्ये होतं' असं आपोआप आठवतं.

आणि उत्तर कोरं सोडायचं नाही. चुकीला गुण कापत नाहीत.

राहुरी, कृषी पदवीधर

नॉट गिव्हनबद्दल लिहितो, कारण शिकलेली माणसं तिथेच आपटतात. उतारा आपल्या विषयाचा निघाला की आनंद होतो. होऊ नये. सरावात मातीच्या क्षारतेवरचा उतारा आला, माझा अभ्यासाचा विषय, आणि माझे सगळ्यात कमी गुण त्यातच! उत्तरं उताऱ्यातून न येता थेट डोक्यातून येत होती.

एक नमुना देतो. उताऱ्यात समजा एवढंच आहे: 'धरण झाल्यानंतर खालच्या गावांतली मासेमारी घटली.' विधान एक: धरणानंतर खालच्या भागात मासे जास्त मिळू लागले. हे फॉल्स, उतारा उलट सांगतो. विधान दोन: मासेमारी घटल्यामुळे मच्छीमारांनी गाव सोडलं. आपल्याला वाटतं, सोडलंच असणार की, दुसरं काय करतील! पण उताऱ्यात गाव सोडल्याचा उल्लेख नाही, म्हणून नॉट गिव्हन. मी स्वतःला एकच विचारायचो: हे खोटं आहे असं दाखवायला मला उताऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवता येतंय का? ठेवता आलं तर फॉल्स. बोट हवेत फिरत राहिलं तर नॉट गिव्हन, आणि पुढे चालायचं.

'ऑल', 'ओन्ली', 'मोस्ट', 'मे' या चिमुकल्या शब्दांवर पेन्सिलीने गोल करायचा. निम्मी विधानं तिथे फिरतात.

पुणे, कॅटवाला

वरचं सगळं आयईएलटीएससाठी मान्य. कॅटला मात्र 'आधी प्रश्न, मग उतारा' ही युक्ती चालवली की गेलात. तिथे प्रश्न माहितीचा नसतोच. लेखक हे उदाहरण का देतोय, त्याचं म्हणणं कशाने कमकुवत होईल, असलं विचारतात. उत्तर एका ओळीत सापडत नाही, म्हणून ओळ शोधायला पळण्यात अर्थ नाही. मी उतारा एका दमात वाचायचो आणि प्रत्येक परिच्छेदानंतर मनात मराठीत एक वाक्य म्हणायचो. 'हा म्हणतो संग्रहालयं चोरीच्या मालावर उभी आहेत.' पुढचा परिच्छेद: 'पण परत द्या म्हणणाऱ्यांनाही टोला.' लोक इंग्रजीतच विचार करा म्हणतात, मला ते कधी पटलं नाही. मराठीत म्हणताना लेखकाचा सूर पकडला जातो.

अलीकडच्या पेपरांत इंग्रजीच्या विभागात 40 मिनिटांत 24 प्रश्न आणि त्यातले 16 चार उताऱ्यांवरचे. बरोबरला 3, चुकीला वजा 1. तेव्हा चारही उतारे सोडवलेच पाहिजेत हा हट्ट नको. दोन पर्याय उरले की मी जरा मिळमिळीत वाटणारा निवडायचो. भडक पर्याय सहसा उताऱ्यापेक्षा जास्त बोलतो.

मँचेस्टर, परिचारिका

भाची नर्सिंगची असेल तर ओईटीचाही (डॉक्टर-नर्स मंडळींसाठीची इंग्रजीची परीक्षा) विचार करा, ताई. ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीला दोन्ही चालतात. माझ्या बॅचच्या बऱ्याच जणी आयईएलटीएसच्या लेखनाला वैतागून तिकडे वळल्या.

ओईटीच्या वाचनातला पहिला भाग एकदम निराळा. एकाच आजारावरचे चार छोटे मजकूर, 20 प्रश्न आणि फक्त 15 मिनिटं. वॉर्डात ड्यूटी बदलताना आपण रुग्णाची फाइल बघतो, डोस कुठे, अ‍ॅलर्जी कुठे, तसंच बघायचं. ओळ न् ओळ वाचणारीचा इथे निभाव लागत नाही. मी आधी चारही मजकुरांची शीर्षकं आणि तक्त्यांचे रकाने बघून घ्यायचे: ए मध्ये लक्षणं, बी मध्ये औषधांचा तक्ता, असं. मग प्रश्न. शब्द उताऱ्यात आहे तसाच उतरवायचा, स्पेलिंगसकट.

नांदेड, बँकेच्या परीक्षा

आयबीपीएस पीओ (बँक अधिकारी भरती) पूर्वपरीक्षेत इंग्रजीला 30 प्रश्न, 20 मिनिटं. उतारा मी शेवटी घेते. आधी वाक्यातल्या चुका, गाळलेल्या जागा, सगळं उरकून जी मिनिटं उरतील ती उताऱ्याला. त्यातही समानार्थी-विरुद्धार्थी शब्द आधी, ते उतारा न वाचताही निघतात. बाकी राहिले तर राहिले, चुकीला पाव गुण जातो.

यवतमाळ जिल्हा, माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो

दहावीच्या कृतिपत्रिकेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमची पोरं प्रश्नातला एक शब्द घेतात, तो उताऱ्यात जिथे दिसेल तिथली अख्खी ओळ उतरवून मोकळी होतात. साध्या प्रश्नाला हे खपतं, 'का' विचारलं की फसतं. म्हणून वर्गात पहिले काही दिवस उत्तर लिहूच देत नाही. उत्तर ज्या ओळीत आहे तिच्याखाली रेघ मारा आणि त्या ओळीतला 'ही', 'दे', 'धिस' म्हणजे कोण ते वर लिहा, बस्स. हे 'धिस' मागच्या वाक्यातलं काय दाखवतं एवढं कळलं की अर्धा उतारा सुटतो. स्वमताच्या प्रश्नाला मात्र मी उलट सांगतो, आता पुस्तक मिटा आणि आपलं लिहा. तिथे पोरं खुलतात. इंग्रजी मोडकं असेना का.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. भाची नर्सिंगची नाही, पर्यावरणशास्त्राची आहे, त्यामुळे राहुरीकरांचा प्रतिसाद तिला दोनदा वाचायला लावला. एक विचारायचं राहिलं: कागदी पेपर बरा की संगणकावरचा?

लीड्सहून

मी दोन्ही केलेत. संगणकावर उतारा डावीकडे, प्रश्न उजवीकडे, पान उलटत बसावं लागत नाही. ओळ रंगवता येते. कागदावर ट्रूच्या जागी येस लिहिण्याचा धोका असतो, इथे पर्यायच निवडायचा. पण पडद्यावर लांब मजकूर वाचायची सवय हवी. सराव फोनवर करत असेल तर ते आजच थांबवायला सांगा, लॅपटॉप घ्या, घड्याळ लावून तिन्ही उतारे सलग. आणि पासपोर्टची मुदत बघून ठेवा, केंद्रावर तोच लागतो.