मदत हवी आहे: अर्थशास्त्र आणि लुथरन शिक्षक-प्रशिक्षण यांचा मेळ

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील सुअर्ड येथे, 1894 मध्ये लुथरन (मार्टिन ल्यूथरची शिकवण मानणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) शाळांसाठी शिक्षक घडवण्याकरिता स्थापन झालेल्या कॉनकॉर्डिया विद्यापीठात मी दुसऱ्या वर्षाला असून, माध्यमिक शाळेत अर्थशास्त्र शिकवण्याची माझी मनापासून इच्छा आहे. सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्र झाले. मात्र पुढचे विषय, लुथरन सिद्धान्ताचे तास आणि अध्यापन-सराव एकत्र बसवताना वेळापत्रकाचा कागद खोडरबराने फाटायला आला आहे. अभ्यासक्रम-पुस्तिका वाचली, सल्लागारांशी दोनदा बोलले. उन्हाळी सत्राचा खर्च परवडणारा नाही. मिसूरी सिनड या अमेरिकन लुथरन चर्चसंस्थेच्या स्थानिक मंडळीची मी सभासद आहे. धर्मशिक्षणाचे विषय पदवीनंतर ‘कलोक्वी’ (चर्चसंस्थेचा मान्यताप्राप्त शिक्षक होण्यासाठीचा वेगळा अभ्यास व मुलाखत) या मार्गाने पूर्ण करता येतात, हे ठाऊक आहे. पण तसे करणाऱ्या कुणाला, ते पूर्ण होण्याआधीच लुथरन शाळेत नेमणूक मिळाली का, आणि कोणत्या अटींवर?