मदत हवी आहे: डीपीत (विकास आराखड्यात) ओढाच गायब, वर येलो झोन!

वैतागलेला_गावकरी: आमच्याकडचा प्रारूप आराखडा लागलाय. पाझर तलावाच्या वरच्या अंगाची सगळी जमीन पिवळी, म्हणजे घरं बांधायला मोकळी! मधला ओढा नकाशात नाहीच. हरकत घ्यायचीय, तर पुरावा आणा म्हणतात. जमीन-पाण्याचे नकाशे कुठे मिळतात? लवकर सांगा, हेलपाटे घालून जीव गेला.

मुरूम_माती: नगरपंचायत की प्रादेशिक योजना? नोटीस कधीची?

गच्चीवरून: इस्रोचं भुवन उघडा. फुकट आहे. भूवापराचा थर लावा, स्क्रीनशॉट जोडा, विषय संपला.

मुरूम_माती: संपत नाही. त्या थरात आठ-दहा फुटांचा ओढा दिसायचा नाही, त्यातून उन्हाळ्यात कोरडा. भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल काढा, ओढा त्यावर असतो. मग जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात जा. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरतं ते वरच्या कुजलेल्या, भेगाळ थरात. त्यावर काँक्रीट पडलं की तलाव आणि खालच्या विहिरी दोन्ही गेल्या. हरकतीत हेच लिहा.

सात_बारा: गावठाणाच्या २०० मीटरच्या आत असाल तर घरासाठी एनएची (शेतजमीन बिगरशेती करायची) वेगळी परवानगी लागत नाही.

वैतागलेला_गावकरी: मला एनए करायचंच नाहीये हो!

नाना_विहीरवाले: आमच्या पाणाड्याच्या (जमिनीतलं पाणी सांगणाऱ्याच्या) हातावर नारळ उभा राहिला, तिथे ६० फुटांवर पाणी लागलं. नकाशे कसले बघता?

गच्चीवरून: नाना, हरकतीला नारळ जोडायचा का? 😀

नाना_विहीरवाले: हसा. जुन्या लोकांनी घरं पांढरीत (पांढऱ्या मातीत) बांधली, काळी (शेतीची माती) आणि ओढा सोडून. तेव्हा कुठला उपग्रह होता?

मुरूम_माती: हे मात्र खरं. धागाकर्ते, नोटिशीचं काय?

वैतागलेला_गावकरी: नगरपंचायत आहे. नोटीस लागून तीन आठवडे झाले असतील.

मुरूम_माती: अहो, हे आधी सांगायचं! नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली हरकतीला ३० दिवस असतात. नकाशांची वाट बघू नका, उद्याच लेखी हरकत देऊन पोच घ्या. नकाशे सुनावणीला दाखवा. आणि तिथे पूररेषा आखलीय का? निळी २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या.

वैतागलेला_गावकरी: नदीला आहे, ओढ्याला कोण आखतंय? अजून एक अडचण आहे. पिवळ्यातला जमिनीचा मोठा गट आमच्या चुलत्यांचा. प्लॉटिंगचं बोलणंही झालंय. हरकतीवर नाव घालावंच लागतं का?

मुरूम_माती: लागतं.

सात_बारा: गुंठ्याला काय भाव चाललाय तिकडे?